पिंजरे रिकामे होतील. पण पेशी कोणाच्या?

२०२० साली सारा देश टाळेबंदीत घरी बसला असताना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे एक पथक माकडे शोधत महाराष्ट्रात हिंडत होते. 'कोव्हॅक्सिन' या स्वदेशी लसीची परीक्षा रेसस जातीच्या माकडांवर व्हायची होती आणि तशी माकडे हाताशी नव्हती. माणसांची वर्दळ थांबल्यामुळे वस्तीत खायला मिळेनासे झाले, म्हणून माकडेही रानात निघून गेली होती. त्यांचा माग काढत पथकाला नागपूरच्या परिसरापर्यंत जावे लागले. अखेर वीस माकडांवर प्रयोग झाला आणि लस त्या कसोटीला उतरली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी ही हकिकत 'गोइंग व्हायरल' या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे.

कोव्हॅक्सिनचा अभिमान प्रत्येक भारतीयाने बाळगावा, यात दुमत नाही. त्या वीस मुक्या जिवांचे ऋणही मान्य केले पाहिजे. परंतु अभिमानाच्या भरात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. एकशेतीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या राष्ट्रात, शतकातील सर्वांत मोठ्या साथीत, लसीच्या परीक्षेचा एक महत्त्वाचा टप्पा रानातील वीस माकडे हाती लागण्यावर अवलंबून असावा, ही स्थिती भूषणावह आहे काय? आणि जगाच्या प्रयोगशाळा माकडाला पर्याय शोधू लागल्या असताना आपण त्या शर्यतीत कोठे आहोत?

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते, हे त्याने इतरांच्या सांगण्यावरूनच जाणले आहे. तरीही हा विषय केवळ तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसावे असे त्याला वाटत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा ज्यांच्या प्रयत्नांमुळे झाला, त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल नृत्यांगना होत्या. त्यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले आणि पुढे सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. त्या कायद्याच्या सतराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, शक्य असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत आणि पुस्तके, प्रतिकृती वा चित्रफिती यांवर भागत असेल तर त्यांवरच भागवावे. शास्त्रज्ञांनी न विचारलेला प्रश्न एका कलावतीने विचारला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ऋण आणि मर्यादा

प्राणिप्रयोग म्हणजे निव्वळ क्रौर्य, त्यातून मानवाला काहीच मिळाले नाही, असे म्हणणारा एक भावनाप्रधान वर्ग आहे. त्याचे म्हणणे खरे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली. आधी सशांवर आणि मग १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या देहावर त्यांनी ती टोचून पाहिली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आजही उभी आहे. मे १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथे आठ उंदरांना जंतूंची बाधा करण्यात आली. त्यांतील चौघांना पेनिसिलिन दिले गेले, ते जगले. उरलेले चार मेले. त्या आठ उंदरांनी किती माणसांचे प्राण वाचवले, याची गणती कोण करणार?

पण याच कथेची दुसरी बाजू पाहा. हेच पेनिसिलिन गिनीपिगला दिले तर तो मरू शकतो. ऑक्सफर्डच्या त्या प्रयोगशाळेत उंदरांऐवजी गिनीपिग असते, तर कदाचित ते अमृत विष समजून फेकून दिले गेले असते. प्राणी आणि माणूस यांतील हा फरक दोन्ही दिशांनी दगा देतो. १९५७ मध्ये जर्मनीत विकायला आलेल्या थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाने उंदरांना काही केले नव्हते. गरोदर स्त्रियांनी ते घेतले आणि हात-पाय नसलेली हजारो बालके जन्माला आली. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना 'टीजीएन १४१२' हे नवे औषध टोचण्यात आले. माकडांना जी मात्रा निर्धोक ठरली होती, तिच्या पाचशेव्या हिश्श्याएवढीच मात्रा त्यांना दिली होती. काही तासांत सहाही जणांच्या शरीरातील एकेक अवयव निकामी होऊ लागला. ते वाचले, परंतु माकडाच्या आणि माणसाच्या प्रतिकारपेशींमधील एका बारीक फरकाची ती किंमत होती.

प्राण्यांवर सुरक्षित आणि गुणकारी ठरलेल्या दर दहा औषधांपैकी सुमारे नऊ पुढे मानवी चाचण्यांत गळतात, असे अमेरिकेची औषध नियंत्रण यंत्रणाच सांगते. ज्या परीक्षकाचे दहातील नऊ निकाल पुढे फिरतात, त्याच्याकडे आपण आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिका पाठवल्या असत्या काय?

फुफ्फुस श्वास घेते, बोटाएवढ्या तुकड्यावर

या परीक्षकाला पर्याय उभे राहत आहेत. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली होती: प्राण्यांऐवजी अन्य पद्धती वापरा, प्राण्यांची संख्या घटवा, त्यांच्या यातना कमी करा. यांतील पहिले सूत्र कित्येक दशके पुस्तकातच राहिले, कारण माणसाचा अवयव देहाबाहेर जिवंत ठेवायचा कसा, हेच ठाऊक नव्हते. २००६ मध्ये जपानचे शिन्या यामानाका यांनी उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या पेशीला तिच्या आद्य अवस्थेत परत नेऊन दाखवले. त्वचेच्या पेशीपासून हृदयाची वा मेंदूची पेशी घडवण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. २०१२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

२०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या विस संस्थेत डोनाल्ड इंगबर आणि त्यांचे सहकारी डॅन हू यांनी पेन ड्राइव्हएवढ्या पारदर्शक तुकड्यावर मानवी फुफ्फुसाची प्रतिकृती बनवली. त्या तुकड्यात दोन सूक्ष्म नलिका आहेत आणि मध्ये सच्छिद्र पडदा. पडद्याच्या एका बाजूला फुफ्फुसाच्या पेशी असतात, तेथे हवा खेळते. दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी असतात, तेथून द्रव वाहतो. बाजूच्या पोकळ्यांतून हवा खेचली की पडदा ताणला जातो आणि सोडली की सैलावतो. फुफ्फुस श्वास घेते ते असे! यालाच 'ऑर्गन ऑन चिप' म्हणतात. याच्या जोडीला पेशींपासून वाढवलेले मोहरीएवढे अवयवगोल, अर्थात 'ऑर्गनॉइड', आहेत. थरावर थर देऊन मुद्रित केलेल्या ऊती आहेत. संगणकावर चालणारी भाकिते आहेत.

ही केवळ कौतुकाची खेळणी आहेत, असे समजणाऱ्यांनी २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहावा. यकृताच्या ८७० चिपांवर २७ औषधे तपासण्यात आली. ज्या औषधांनी माणसाच्या यकृताला इजा केली होती, त्यांपैकी ८७ टक्के चिपने अचूक ओळखली आणि एकाही निर्दोष औषधावर खोटा आळ घेतला नाही. त्या दोषी औषधांपैकी अनेक प्राणिप्रयोगांच्या चाळणीतून निर्वेध पार पडली होती.

मात्र या पद्धतींच्या अतिउत्साही भाटांनाही थोडे थांबवले पाहिजे. चिपवरचे यकृत गर्भार राहत नाही, म्हातारे होत नाही, त्याला ताप येत नाही. औषधाचा संपूर्ण देहावर, पिढ्यान्‌पिढ्या काय परिणाम होतो, हे आज कोणतीही चिप पूर्णपणे सांगू शकत नाही. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, तेथील आयआयटी आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र यांनी मिळून २०२२ मध्ये मानवी ऊतीपासून डोळ्याचे बुबुळपटल मुद्रित केले. अत्यंत अभिमानास्पद कामगिरी! पण तेही प्रथम बसवले गेले ते सशाच्या डोळ्यात. उद्या सकाळी सगळे पिंजरे उघडा, अशी मागणी करणारा माणूस एक तर अज्ञानी असतो किंवा ढोंगी.

कायदा झाला; पुढे काय?

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने आपला १९३८ चा कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राणिप्रयोग अनिवार्य असण्याची अट काढून टाकली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, मार्च २०२३ मध्ये, भारताने नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम दुरुस्त करून अशा पद्धतींना मान्यता दिली. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर तर आपण २०१४ मध्येच बंदी घातली आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी यंत्रणेने प्रतिपिंडांवर आधारित औषधांपासून सुरुवात करून प्राणिचाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला.

नियमांच्या बाबतीत आपण मागे नाही, हे मान्य. खरा आक्षेप येथूनच सुरू होतो. राजपत्रात चार ओळी छापल्या की विज्ञान स्वदेशी होते, असा समज आपल्या धोरणकर्त्यांचा झालेला दिसतो. नियमाने दार उघडले. पण त्या दारातून आत येणार कोण? चिप परदेशी, तिच्यात घालायच्या पेशी परदेशी, त्या ज्यावर वाढवायच्या ते जेल परदेशी आणि चाचणी ग्राह्य की अग्राह्य हे ठरवण्याची मानकेही परदेशी! आपल्या औषध कारखान्यांनी जगाला स्वस्त औषधे पुरवली, ती स्वतःच्या प्रक्रिया स्वतः बसवल्यामुळे. येथे मात्र आपण ग्राहकाच्या रांगेत उभे राहायला निघालो आहोत.

हा आग्रह केवळ पैशाचा किंवा स्वाभिमानाचा असता, तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. प्रश्न आपल्या देहाचा आहे. आर्य वैश्य समाजातील काही व्यक्तींमध्ये एका विकराची आनुवंशिक उणीव आढळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करणारे एक नेहमीचे औषध इतरांच्या शरीरातून काही मिनिटांत उतरते. या व्यक्तींमध्ये ते कित्येक तास टिकते आणि तेवढा वेळ त्यांचा श्वास यंत्रावर चालवावा लागतो. २००९ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातील असा दोष दाखवून दिला, की जो भारतीय उपखंडातील शंभरात सुमारे चौघांमध्ये आहे आणि उतारवयात हृदय दुबळे होण्याचा धोका वाढवतो.

आता विचार करा. बोस्टनच्या एखाद्या दात्याच्या पेशींपासून बनवलेले हृदय या चौघांविषयी काय सांगणार? उंदीर आपला प्रतिनिधी नव्हता, म्हणून आपण त्याला निवृत्त करायला निघालो. त्याच्या जागी परक्या वंशपरंपरेची पेशी आणून बसवली, तर चूक तीच राहील. फक्त ती अधिक महागड्या पेटीतून येईल. दहा हजार भारतीयांच्या जनुकांचे वाचन करणाऱ्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. एवढा पाया घातल्यावर त्यावर भारतीय समाजांच्या पेशींची राष्ट्रीय पेढी उभारणे ही पुढची पायरी ठरते. ती कोण चढणार आणि कधी? २०१५ मध्ये बंगळूरुच्या पँडोरम या छोट्या कंपनीने मानवी यकृताची ऊती मुद्रित करून दाखवली होती. गुणवत्ता आपल्याकडे आहे. तिच्या पाठीशी उभी राहणारी चिकाटीची व्यवस्था नाही.

'प्राणिमुक्त' बाटलीतील रक्त

आता एक अशी गोष्ट, जी या विषयावरील चर्चासत्रांत सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही.

परिचयातील एक मुलगी औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करते. 'प्राणिमुक्त' पद्धतींचे गोडवे तिच्याकडून ऐकत असताना सहज विचारले, "या पेशी देहाबाहेर जगतात कशावर?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, हे तुम्ही विचारायला नको होतं."

पेशींना वाढण्यासाठी जे पोषक द्रव लागते, त्यात अनेक ठिकाणी आजही 'फीटल बोव्हाइन सीरम' मिसळतात. हे इंग्रजी नाव सभ्य वाटते. त्याचा अर्थ असा की, परदेशातील कत्तलखान्यात कापलेली गाय गाभण निघाली, तर तिच्या पोटातील वासराच्या हृदयात सुई खुपसून त्याचे रक्त काढून घेतात आणि त्यातील निवळ बाटल्यांत भरून जगभर विकतात. अवयवगोल ज्या जेलवर वाढवतात, तेही बहुधा उंदराच्या अर्बुदापासून काढलेले असते. सशाचा डोळा वाचवला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या सभेत, त्याच मेजावर न जन्मलेल्या वासराचे रक्त ठेवलेले असते!

महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू आहे. त्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, त्यांतील किती जणांना हे ठाऊक आहे? आपल्या गोभक्तीची सीमा वेशीवरच्या नाक्यापाशी संपते काय? ट्रक अडवणे सोपे असते. प्रयोगशाळेच्या शीतकपाटातील बाटलीवरचे बारीक अक्षर वाचायला अभ्यास लागतो. आमच्या ऋषींनी सर्व आधीच सांगून ठेवले आहे, असे भाषणात सांगून टाळ्या मिळवणाऱ्यांनी या बाटलीला पर्याय शोधण्यासाठी एक तरी शिष्यवृत्ती दिली आहे का, हेही विचारायला हवे. भूतदयेचा वारसा सांगणाऱ्या समाजाकडून जगाने अधिक अपेक्षा करावी, यात गैर काय?

पर्याय आहे आणि तो आपल्या हाताशी आहे. दान केलेल्या रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्सची मुदत साधारण पाच दिवसांची असते. त्यानंतर त्या रुग्णाला देता येत नाहीत आणि नष्ट केल्या जातात. परंतु त्याच प्लेटलेट्स फोडून काढलेला अर्क अनेक प्रकारच्या मानवी पेशी वाढवण्यास उत्तम ठरतो. माणसाच्या पेशीला माणसाचेच पोषण, म्हणून विज्ञानाच्या दृष्टीनेही तो अधिक योग्य. गावोगावी रक्तदान शिबिरे भरवणारी कार्यकर्त्यांची फळी आपल्याकडे आहे. दात्याची अनुमती घेऊन, चाचण्या करून, मुदत उलटलेल्या प्लेटलेट्स संशोधनासाठी गोळा करण्याची रीतसर व्यवस्था शासनाने केली, तर वाया जाणारे दान कारणी लागेल आणि वासराच्या रक्ताची आयातही घटेल.

बंदीने काय साधते?

"हे सारे ठीक, पण जगाने वाट दाखवू दे, मग पाहू," असा एक शहाजोग सल्ला नेहमी मिळतो. त्याला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. १९५० च्या दशकात पोलिओच्या लसीसाठी भारतातून दरवर्षी एक लाखाहून अधिक रेसस माकडे परदेशी जात होती. केवळ वैद्यकीय कारणांसाठीच त्यांचा वापर व्हावा, अशी अट भारताने घातली होती. पुढे अमेरिकेत लष्करी हेतूने किरणोत्साराच्या प्रयोगांत ती वापरल्याचे उघड झाले. तेव्हा मोरारजी देसाई यांच्या सरकारने एप्रिल १९७८ पासून माकडांची निर्यातच बंद केली. विज्ञान बुडेल, संशोधन ठप्प होईल, अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात काहीही बुडाले नाही. ज्यांना गरज होती त्यांनी स्वतःची पैदास केंद्रे वाढवली आणि माकडे जपून वापरायला ते शिकले. एका ठाम निर्णयाने जगाला आपली सवय बदलावी लागली. तो निर्णय घेणारा भारत आजच्या भारतापेक्षा कितीतरी गरीब होता.

म्हणून काही मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, भारतीय समाजांच्या विविधतेचे प्रतिनिधित्व करणारी, दात्याच्या संमतीवर आणि गोपनीयतेवर उभी असलेली मानवी पेशींची राष्ट्रीय पेढी. दुसरी, नव्या पद्धतींची कसोटी घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारे स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आणि तो निकाल वाचता येईल असे प्रशिक्षित औषध अधिकारी. जुन्या अधिकाऱ्यापुढे नवा अहवाल गेला की तो "जोडीला उंदराचाही द्या" म्हणणार. मग उद्योजक दोन्ही खर्च कशाला करील? तिसरी, वासराच्या रक्ताऐवजी वापरता येणाऱ्या पोषक द्रवांच्या निर्मितीसाठी निधी. चौथी, देशात कोणत्या प्रयोगासाठी किती प्राणी वापरले गेले, याचा आकडा दरवर्षी संसदेपुढे. ब्रिटन असा आकडा प्रतिवर्षी जाहीर करतो. आपण आपल्या प्राण्यांची मोजदाद करायला का लाजावे?

वाचकांनाही यात काम आहे. घरातील मुलगा किंवा मुलगी जीवशास्त्र वा अभियांत्रिकी शिकत असेल, तर 'ऊती अभियांत्रिकी' हा शब्द तिच्या कानावर घाला; या क्षेत्राला डॉक्टरइतकीच अभियंत्याचीही गरज आहे. आपल्या खासदारांना वरील चार प्रश्न लेखी विचारा. पुढच्या रक्तदान शिबिरात रक्तपेढीच्या अधिकाऱ्याला सहज विचारा, "मुदत संपलेल्या प्लेटलेट्सचे तुम्ही काय करता?" तो बहुधा "फेकून देतो" असे सांगेल. तेथूनच काम सुरू करता येईल.

नागपूरच्या रानातून आणलेल्या त्या वीस माकडांनी २०२० मध्ये आपले काम केले. पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा पथक रानात पाठवायचे, परदेशी पेटीची वाट पाहायची, की स्वतःच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या लोकांच्या पेशी तयार ठेवायच्या, हे आज ठरवावे लागेल. साथ सांगून येत नाही.